पाच गोळ्यांचं की सहा?

शिरीष,

काल झूमवर तुझी शोकसभा झाली. तीत तुला निर्भय म्हणण्यात आलं. आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष स्वतः काही म्हणत नाहीत, त्यांच्याकडून म्हणण्यात येतं. मागे त्यांची ती पुस्तकांची भिंत होती, जिच्यातलं एकही पुस्तक कोविडची साथ सुरू झाल्यापासून जागचं हललेलं नाही. मग तुझा गणपतीतला फेटेवाला फोटो, त्यावर बासरी. "निर्भय, निगर्वी, निःस्वार्थी." तिन्ही शब्द एकाच कपाटातून काढल्यासारखे. मध्येच कुणा काकूंचा माइक उघडा राहिला आणि त्यांच्या कुकरची शिट्टी सगळ्यांनी ऐकली. सभेतलं तेवढंच मला खरं वाटलं.

मी इथे, सिडनीपासून दीड तासावरच्या वॉलॉंगॉंगला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कॅमेरा बंद करून बसलो होतो. तू निर्भय नव्हतास. मला माहीत असलेल्या माणसांत तू सगळ्यात घाबरलेला होतास, आणि हे मला एकट्यालाच माहीत आहे याचा मला काल फार राग आला. राग आणखीही पुष्कळ गोष्टींचा आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "ग्रंथपाल, मुद्द्यावर ये." मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहे, एवढ्यावरून तू मला हे नाव चिकटवलंस आणि मी ते निमूटपणे वागवलं.

तर मुद्दा. बारा-तेरा वर्षं तू रिव्हॉल्व्हर निवडत होतास.

तुझ्यासमोर कायम दोनच होती. एक पाच गोळ्यांचं, हलक्या धातूचं, घोडा आत झाकलेला, म्हणजे खिशातून काढताना अस्तरात अडकायला काही नाही. दुसरं सहा गोळ्यांचं, पोलादी, जड, घोडा बाहेर. नळी दोन्हींची बोटभर. हलक्याचा तोटा असा, की उडवताना मनगटाला झटका जास्त. जडाचा असा, की खिसा ओघळतो आणि आत काहीतरी आहे हे मागून चालणाऱ्याला कळतं. बघ, मला सगळं पाठ आहे. मी आयुष्यात उंदीरसुद्धा मारलेला नाही.

आणि ही निवड चालली होती ऑस्ट्रेलियात. इथे साध्या माणसाला खिशात हत्यार घेऊन फिरताच येत नाही. जे क्लबात जाऊन नेमबाजी करतात, त्यांनाही इतक्या आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर मिळत नाही. म्हणजे तुझ्या दोन पर्यायांपैकी एकही तुला कधीच मिळणार नव्हता. हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं. तू म्हणालास, "मिळण्याचा प्रश्न वेगळा. निवड आधी करून ठेवायला काय जातंय?"

हा आजार आपल्या सगळ्यांनाच आहे म्हणा. पुण्याहून इंजिनिअरिंग करून आलेला माणूस इकडे फ्रिजसुद्धा सरळ घेत नाही. पण तू आमच्यातही वरचा. मास्टर्सला आलो तेव्हा राहायला दोन जागा बघितल्या होत्या. तू दोन्हींची तुलना करत बसलास. एकीला खिडकी होती, दुसरी स्टेशनाच्या जवळ होती. तुझा निर्णय होईपर्यंत दोन्ही गेल्या आणि आपण एका ग्रीक बाईच्या गॅरेजात सहा महिने काढले. थंडीत टोपी घालून झोपायचो. तेव्हा ते विनोदी होतं.

त्याच हिवाळ्यात ते झालं. पेट्रोल पंपावरची शिफ्ट संपवून तू निघालास. संध्याकाळच होती, पण जूनमध्ये इथे पाचलाच अंधार. स्टेशनाच्या उतारावर तिघांनी तुला अडवलं. तू फोन दिलास, पाकीट दिलंस, वर बॅगही पुढे केलीस. त्यांनी सगळं घेतलं आणि तरीही मारलं. डावा कान कायमचा गेला. पोलिसाने अगदी सौजन्याने विचारलं, की तू फोन उगाच दाखवत तर चालला नव्हतास ना. युनिव्हर्सिटीत तू सांगितलंस, सायकलवरून पडलो. पुढे लग्न झाल्यावर अनघाला सांगितलंस, कान लहानपणापासूनच अधू आहे. मला खरं माहीत होतं, कारण गॅरेजच्या दारात तुला मी आत घेतलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात तू पहिल्यांदा म्हणालास, "पाच गोळ्या पुरतील का रे? ते तिघंच होते."

मी तुझी गंमत करायचो. तू पाचाच्या बाजूने बोललास की मी सहाची बाजू घ्यायचो. तू म्हणायचास, वजन. मी म्हणायचो, वजनच तर हवं, हातात काहीतरी आहे असं तरी वाटेल. तू म्हणायचास, खिशात अडकेल. मी म्हणायचो, मोठ्या खिशाचं जाकीट घे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तू इतका मन लावून चिडायचास, की सोडवत नसे. मनात यायचं, चिडलेला माणूस घाबरलेल्यापेक्षा बरा.

एकदा आपण त्या नेमबाजी क्लबात, कुणालाही आत सोडतात त्या दिवशी, गेलो होतो. तिथला टाय लावलेला म्हातारा सचिव आपल्याला भिंतीवरचे सगळे पितळी ढाल-चषक दाखवत हिंडला, जणू युद्ध जिंकून आणलेत. तू त्याला तुझे दोन पर्याय सांगितलेस. तो म्हणाला, मेट, यातलं काहीच इथे चालत नाही, आणि पाहिजे कशाला तुला? तू म्हणालास, स्टेशनासाठी. मग त्याने तुला लांब नळीचं एक पिस्तूल दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. तू एक गोळी झाडलीस. ती कागदाला लागलीच नाही. तू पिस्तूल खाली ठेवलंस, कानावर हात ठेवलास, चांगल्या कानावर, आणि म्हणालास, "चल, कॉफी पिऊ." मला वाटलं, संपलं एकदाचं. ट्रेनमध्ये बसल्यावर तू म्हणालास, "हे फारच लांब होतं. त्यावरून आखूडाचा अंदाज येत नाही."

आणि मग सिडनीतल्या पेंडल हिलचा तो शनिवार. स्टेशनाजवळच्या भारतीय दुकानात तू काउंटरवरच्या गुजराती बेनला साबुदाणा तोलायला लावलास. एक पिशवी चारशे ग्रॅमच्या थोडी वर, दुसरी सहाशेच्या वर. दोन रिव्हॉल्व्हरांची दोन वजनं. बेन म्हणाली, "भाई, पाव किलो, अर्धा किलो समझ में आता है, ये क्या हिसाब है?" तू गंभीरपणे सांगितलंस, रेसिपी है. साबुदाणाच का, असं मी विचारलं तर तू म्हणालास, डाळ वाजते, साखर फुटली तर मुंग्या येतात, साबुदाणा खिशाचा आकार घेतो. मग एकेक पिशवी खिशात घालून तू प्लॅटफॉर्मवर फेऱ्या मारल्यास आणि मी मागून चालत सांगायचं, कुठली दिसते. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. तूही हसत होतास. मी म्हटलं, दोन्ही दिसतात, शिरीष, मला दोन्हीकडे खिचडी दिसतेय.

तो दिवस मी नंतर कितीतरी पार्ट्यांमध्ये रंगवून सांगितला असता. तू सांगू नको म्हणालास, म्हणून नाही सांगितला.

तुझं ऋण मानल्याशिवाय हे पत्र पुढे नेता येणार नाही, तेव्हा रागातच लिहितो. गेल्या वर्षी पुण्यात माझी आई गेली. सीमा बंद. बेडरूमच्या दारात बसून मी फोनवर सगळं बघितलं. तेव्हा लॉकडाउन जरा सैल होता. तू ट्रेनने समुद्राच्या कडेकडेने इथे आलास, जाकिटाच्या खिशात एक हात, दुसऱ्या हातात अनघाने दिलेला डबा. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. लॅपटॉप उघडलास आणि मला दोन विमानं दाखवलीस. दोन्ही रद्द झालेली. म्हणालास, "आता सांग, यातलं कुठलं रद्द विमान जास्त चांगलं? एकात जेवण बरं असतं." मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना तू नेहमीसारखा माझ्या डाव्या हाताला, म्हणजे तुझा चालू कान माझ्याकडे. लांब पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत म्हणालास, "रडायचं असेल तर रड, त्या कानाने मला ऐकू येत नाही." आणि बाजू बदलून बहिरा कान माझ्याकडे केलास. असा माणूस मला पुन्हा कुठून मिळणार आहे?

म्हणूनच इतका संताप येतो, की त्याच माणसाने यंदा काय केलं.

यंदा तुझ्यासमोर पुन्हा दोन पर्याय आले. दोन लशी. एक लगेच मिळत होती, केमिस्टकडेसुद्धा. दुसरीसाठी थांबावं लागत होतं. तुझा आवाज इतका खुललेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. एकीने लाखांत एखाद्याला गुठळी, दुसरीने हृदयाला सूज. एकीच्या दोन डोसांमध्ये अंतर जास्त, दुसरीच्या कमी. मी मिळाली ती घेऊन मोकळा झालो होतो. तसं सांगितलं तर म्हणालास, "तू एक सॅम्पल आहेस, ग्रंथपाल. एका सॅम्पलवरून निष्कर्ष काढत नाहीत." मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्ष रोज लिहीत होते, घाई नको, सुज्ञपणे निवड करा. त्यांनी स्वतः केव्हाच दंड पुढे केला होता, हे आम्हाला त्यांच्याच मुलाच्या फोटोवरून कळलं. काल बासरीच्या आधी तेच दोन मिनिटं स्तब्ध उभे होते. त्यांचं स्तब्ध राहणं मला दोन महिने आधी चाललं असतं.

तुला थांबणं परवडत नव्हतं. तू घरात बसून काम करणारा नव्हतास, वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सांभाळत होतास. तिथली माणसं आजारी पडायला लागली होती. तुमच्याकडे सिडनीत रस्त्यावर पोलीस, डोक्यावर हेलिकॉप्टर, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. तू एकदा सांगितलंस, शिफ्टवरून येताना पोलिसाने थांबवलं, परवानगीचं पत्र मागितलं आणि खिशातून हात बाहेर काढायला लावला. मी विचारलं, घाबरलास? तू म्हणालास, "त्यांच्या कमरेला पिस्तूल असतं. रिव्हॉल्व्हर नाही." एवढंच. मला वाटलं, विषय बदलतोयस.

ऑगस्टच्या सुरुवातीला आपलं शेवटचं नीट भांडण झालं. दुपारची वेळ, फोन स्पीकरवर होता, मागे तुझ्या रेवाचे ऑनलाइन क्लास चाललेले. मी विचारलं, तुझ्या शिफ्टवर किती जण आजारी आहेत. तू म्हणालास, तो वेगळा प्रश्न. मागून रेवा ओरडली, "बाबा, जस्ट गेट एनी वन. प्लीज." तू तिला मराठीत बोल म्हणालास. दहा वर्षांची पोर, तिला जे कळत होतं त्याची भाषा तू दुरुस्त करत होतास.

मी म्हटलं, "शिरीष, ऐक. हे रिव्हॉल्व्हर नाही. इथे दोन्ही मिळताहेत."

तू म्हणालास, "म्हणून तर. इथे खरंच निवडायचंय."

यावर मी काय बोलायला हवं होतं? मी एवढंच विचारलं, की कोणती. तू म्हणालास, थांबावं लागणारीच घेतोय, गुरुवारची वेळ मिळाली आहे. त्याच्या आधीच्या सोमवारी तुला ताप आला.

हॉस्पिटलातून तुझा एकच मेसेज आला. "घरी आलो की पहिलं काम लस. कुठलीही." उभ्या आयुष्यात तू कुठलीही हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तुला व्हेंटिलेटरवर घेतलं. दहा-बारा दिवस अनघा फोनवर डॉक्टरांचं ऐकायची आणि मग मला सांगायची. तोपर्यंत ती आणि रेवाही पॉझिटिव्ह होत्या, दारावर बाहेर न पडण्याचा कागद. तुझ्या अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती आणि त्या दहांत तुझी बायको नव्हती, मुलगी नव्हती, मीही नव्हतो. आम्ही तिघांनी लिंक उघडली. कॅमेरा कुणाच्या तरी पाठीवर रोखलेला. ठरलेली वेळ संपली आणि स्क्रीनवर आलं, की हे प्रक्षेपण समाप्त झालं आहे, आपला अनुभव कसा होता ते कळवा.

मंडळाने घरी डबे पाठवायचं जाहीर केलं होतं. एक दिवस डबा आला. त्याचा फोटो ग्रुपवर तीनदा आला.

आज दुपारी अनघाचा फोन आला. मला वाटलं, सभेबद्दल बोलेल. ती म्हणाली, घरातलं वाणसामान संपत आलं होतं, ऑनलाइन मागवलेलं आलं नाही. तुझं काळं जाकीट धुवायला काढताना तिला उजव्या खिशात साबुदाण्याची पिशवी मिळाली. वरून काळ्या चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेली, कोपरे हाताळून गुळगुळीत झालेले. तिला वाटलं, तू दुकानातून आणून विसरलास. पण चिकटपट्टी का, ते कळेना. टाकवत नव्हतं. म्हणून भिजवला आणि खिचडी केली.

"चांगली मोकळी झाली," ती म्हणाली. "रेवाने दोनदा घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवली." मग म्हणाली, "हे काय होतं रे? तुला माहीत असणार."

अध्यक्षांची सगळी नि-वाली विशेषणं माझ्या डोक्यात होती. ती तशीच राहू द्यावीत असं क्षणभर वाटलं. मग सगळं सांगितलं. उतारावरचे तिघे, फोन, कान, दोन रिव्हॉल्व्हर, गुजराती बेन, प्लॅटफॉर्मवरच्या फेऱ्या. म्हटलं, तो रोज घाबरत स्टेशनला जात होता, अनघा. तो अजिबात निर्भय नव्हता.

ती म्हणाली, "कानाचं मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. झोपेत इंग्रजीत बोलायचा. टेक इट, टेक इट. मी कधी विचारलं नाही. त्याला आवडलं नसतं."

म्हणजे मला एकट्यालाच माहीत होतं हेही खरं नव्हतं. आम्ही दोघं आपापल्या जागी तुझं गुपित सांभाळत बसलो आणि तू ते पिशवीत घालून ट्रेनने ये-जा करत राहिलास. किनाऱ्यावर माझ्या शेजारी चालतानाही ते तुझ्या खिशात होतं. पोलिसाने हात बाहेर काढायला लावला, तेव्हा तुझ्या मुठीत साबुदाणा होता. त्याने पिशवी उघडून बघितली असती, तर तू काय सांगणार होतास? रेसिपी?

फोन ठेवण्याआधी मी तिला विचारलं, "वजन किती होतं त्याचं?"

"आता ते कशाला?"

"सांग ना."

"सहाशेच्या वर भरला. दोन दिवसांना पुरवायचा म्हणून काट्यावर ठेवला होता."

सहाशेच्या वर. म्हणजे जड, पोलादी, सहा गोळ्यांचं. माझ्या बाजूचं. माझ्याशी भांडून तू घरी गेलास आणि मला एका अक्षराने न सांगता माझं ऐकलंस, आणि ते वजन इतकी वर्षं खिशात वागवलंस. गाढवा, सहाची बाजू मी तुला चिडवायला घ्यायचो. लशीचं मी मनापासून सांगत होतो.